मालानं बोलायचं नसतं

पैज अशी लागली की जो हारेल त्याला बऱ्हाणपूरच्या केळी मंडीत घडासारखं वजनकाट्यावर बसवायचं अन् त्याची बोली लावायची. कमरेला केळीचं पान गुंडाळलेलं पाहिजे. अन् काट्यावरून उतरेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, कारण माल बोलत नसतो. ही शेवटची अट लीलाधरनं घातली. पान गुंडाळायला मला लाज नाही हे त्याला माहीत होतं. गप बसवलं तर मी अर्धा मरतो, हेही माहीत होतं.

लीलाधर माझा शेजारी. तुकईथडात आमच्या भिंतीला भिंत, अन् आम्ही दोघं कशावरही पैज लावतो. एकदा कोणाची बकरी आधी शिंकते यावर लावली होती. माझी शिंकली, कारण मी मुठीत तपकीर नेली होती.

ही पैज मात्र विपुलवर लागली. विपुल म्हणजे समोरच्या शालिग्रामचा पोरगा. जन्मला तेव्हा रडला नाही म्हणतात, तिथूनच सगळं अडलं. हात कोपरात वळलेले, मान एका जागी थांबत नाही, पाय नुसते नावाला. जीभ जड. मडकं पाण्यात बुडवल्यावर जशी हवा निघते तसे त्याचे शब्द निघतात, अर्धे आतच राहतात. डोकं मात्र लख्ख. बी. ए.चं शेवटचं साल, विषय राज्यशास्त्र, सगळं हिंदीतून. पुस्तक समोर उघडून दिलं की हनुवटीनं पानं उलटतो. त्याला पहिली शिवी मी शिकवली, तेव्हापासून त्याचं बोलणं मला समजतं.

तसं ते आम्हा चार-दोन जणांनाच समजतं. लीलाधरची पोरगी भूमिका त्याच्या खाटेपाशी खेळून मोठी झाली, तिला सगळं समजायचं. मागची दोन सालं तीच त्याची राइटर होती. तो बोलायचा, ती लिहायची, पेपर व्हायचा. माघात तिचं लग्न झालं अन् ती रावेरकडे गेली. तिला दिवस गेलेले, सासरचे उन्हाळ्यात पाठवायला तयार नाहीत. लीलाधर दोनदा जाऊन आला, दोन्हीदा नुसता चहा पिऊन परत.

म्हणून त्या दिवशी शालिग्रामच्या ओट्यावर बसल्या बसल्या लीलाधर बोलला, "यंदा हा पेपर देत नाही बाप्पा."

मी म्हटलं, देईल. पुरा पेपर देऊन बाहेर येईल. त्यावर पैज लागली. खाटेवरून विपुल काहीतरी बोलला, अन् आत चुलीपाशी बसलेली त्याची माय सुमन लगेच बोलली, "म्हणतो, गिरधरकाका काट्यावर मावायचा नाही." गिरधरकाका म्हणजे मी.

सुमनची ही खोड. खोड म्हणजे काय, पोरगा बोलला की मागोमाग तिचं तोंड बोलतं. दुकानात, दवाखान्यात, बसमध्ये, तो बोलतो अन् ती पुन्हा म्हणते. वीस सालं झाली असतील. भाजी चिरता चिरता म्हणते, भांडता भांडता म्हणते. एकदा विपुल बोलला की माझी माय वरणात मीठ जास्त टाकते, तर तेही तिनं पाहुण्यांसमोर तसंच म्हणून टाकलं अन् मग भानावर आली.

शालिग्राम केळी कटाईच्या टोळीत आहे. पहाटे निघतो, कोणाच्या तरी बागेत विळ्यानं घड उतरवतो, खांद्यावर गादी ठेवून गाडीपर्यंत वाहतो. कपड्यांवर केळीच्या चिकाचे काळे डाग, धुतले तरी जात नाहीत. उजव्या खांद्यावर आता गाठ आली आहे लिंबाएवढी. विपुल बी. ए. झाला की अपंगांच्या जागेवर अर्ज करता येईल, तिथं खुर्चीत बसून काम असेल, एवढंच त्या घरात ठरलेलं. त्याच्या पुढचं कोणी बोलत नाही.

माझी केळी वाहायची लहान गाडी आहे. कटाईच्या ऐन दिवसात एक खेप बुडवून मी सुमनला घेऊन बऱ्हाणपूरला कॉलेजात गेलो. खिडकीतल्या बाबूनं दाखला पाहिला, अर्ज पाहिला अन् म्हणाला, राइटर आणा, पण परीक्षा देणाऱ्यापेक्षा खालच्या वर्गातला पाहिजे. मी म्हटलं, मी नववी नापास आहे, माझ्यापेक्षा खालचा तुम्हाला जिल्ह्यात मिळायचा नाही. तो हसला. मग म्हणाला, शिकत असलेला पाहिजे, शाळेचं ओळखपत्र पाहिजे. मी म्हटलं, ही माय आहे, दहावी पास, हिला याचं सगळं समजतं. तर नातेवाईक चालत नाही. गावातल्या शाळेत विचारलं तर पोरं सगळी कटाईला नाहीतर मामाच्या गावाला. पुन्हा कॉलेजात आलो. आता बाबू म्हणाला, चिंता करू नका, कॉलेज आपला राइटर देईल.

"भेटवून तर द्या आधी," सुमन म्हणाली. "त्याला बोलणं समजायला पाहिजे ना."

"परीक्षा के दिन मिल जाएगा, माताजी."

मी परत येताना लीलाधरला गाडीतूनच ओरडून सांगितलं की पान तयार ठेव, राइटर मिळाला. तो बिचारा खरंच खूश झाला. हारायला एवढा खूश झालेला माणूस मी पाहिला नाही.

पेपरच्या दिवशी ऊन असं की गाडीच्या पत्र्याला हात लावला तर चटका. सुमननं मागं गोधडी अंथरली, पोराचं डोकं मांडीवर घेतलं, ओलं फडकं त्याच्या कपाळावर. विपुल वाटभर ग्रामसभा, पंचायत, कलमं असं काय काय म्हणत होता अन् सुमनही ते सगळं मागोमाग म्हणत होती, तिला त्यातलं काही समजत नसताना. मी आरशात पाहून म्हटलं, वहिनी, तुम्हीच पास होणार बघा.

वर्ग वरच्या मजल्यावर. खाली जागा नाही का विचारलं तर म्हणाले, यादी आधीच लागली. मी विपुलला पाठीवर घेतला. जिन्यात पोरं-पोरी बाजूला सरकून उभी राहिली, कोणी मोबाइल काढला. विपुल माझ्या कानात बोलला की घोडा दमला का. मी दमलोच होतो. त्याची लाळ माझ्या मानेवरून खाली चालली होती. वर पोचेपर्यंत त्याचा नवा शर्ट चुरगळून बनियनसारखा झाला, सुमननं जिन्यातच तो ओढून सारखा केला.

राइटर म्हणून मयूर नावाचा पोरगा आला होता, बुधवारा मोहल्ल्यातला, पहिल्या सालचा. नीट भांग पाडलेला, खिशाला दोन पेनं. चांगला पोरगा. त्यानं विपुलला भैया म्हणून नमस्कार केला, विपुल काहीतरी बोलला, अन् मयूर नुसता हसत राहिला.

वर्गावर वैजयंती मॅडम होत्या. त्यांनी विपुलसाठी वेगळा कोपरा दिला, कूलर त्याच्याकडे वळवला. पोराला पाणी पाजावं लागतं, तोंड पुसावं लागतं, म्हणून सुमनला बाहेर व्हरांड्यात खिडकीपाशी उभं राहू दिलं. विपुलला मलाच उतरवून न्यायचं होतं म्हणून मी जिन्याच्या पायरीवर. तिथून खिडकी दिसायची, अन् कूलर घरघरत असला तरी ऐकू यायचं.

पेपर वाटले. मयूरनं पहिला प्रश्न वाचून दाखवला. विपुलनं उत्तर सुरू केलं.

"क्या?" मयूर म्हणाला.

विपुल पुन्हा बोलला. हळू बोलला. जीव लावून बोलायला गेला की त्याची मान जास्त फिरते अन् शब्द जास्त अडकतात.

"भैया, एक बार और."

असं चाललं. मयूर पेन उचलायचा, कागदापर्यंत न्यायचा, तिथं थांबवायचा. बाकीची पोरं खाली मान घालून पानं भरत होती, उलटल्याचा आवाज यायचा. विपुलच्या कागदावर प्रश्नाचा नंबर अन् त्यापुढं काही नाही. मला पायरीवर त्याचा शब्द अन् शब्द कळत होता. ग्रामसभेत गावातले सगळे मतदार असतात. बाबा रे, लिही ना. मी माझ्याच दंडाला चिमटे घेत बसलो. मयूर तर रडकुंडीला आलेला. त्याचाही दोष नव्हता, मडक्यातली हवा त्यानं कुठून लिहायची.

विपुलनं पाणी मागितलं, तेही मयूरला कळलं नाही. सुमनला कळलं. ती आत गेली, पाणी पाजलं, पदरानं तोंड पुसलं, परत खिडकीपाशी येऊन उभी राहिली. विपुलनं डोळे मिटले अन् पुन्हा सुरू केलं.

"ग्राम सभा में गाँव के सभी मतदाता सदस्य होते हैं," सुमन म्हणाली.

मयूरचं पेन पळालं.

विपुल पुढचं बोलला. सुमन म्हणाली. मयूरनं लिहिलं. मी तिच्याकडे पाहिलं तर तिचं ध्यान पोराच्या कपाळावरच्या घामाकडे. आपण बोलतोय हे तिच्या गावीही नव्हतं. तोंड आपलं आपण चाललं होतं, घरी ओट्यावर चालतं तसं. वैजयंती मॅडमनं एकदा खिडकीकडे पाहिलं. मग उठून कूलरमध्ये पाणी आहे का पाहायला गेल्या अन् बराच वेळ तेच पाहत राहिल्या.

काय सांगू, कटाईच्या टोळीसारखं चाललं होतं. एकानं घड उतरवायचा, दुसऱ्यानं खांदा द्यायचा, तिसऱ्यानं गाडीत लावायचा. एक पान भरलं, दुसरं भरलं. विपुलच्या चेहऱ्यावर ते हसू आलं जे शिवी बरोबर जमली की येतं. मयूर घाम पुसत लिहीत होता, मधेच तोही हसला. सुमनला थांबवावं असं माझ्या मनात आलं. खरंच आलं. पण मी मनात लीलाधरला पान गुंडाळत बसलो होतो.

तपासणीवाले आले तेव्हा बूट वाजले नाहीत. ते मागच्या जिन्यानं आले. पुढच्या साहेबानं सुमनच्या मागं उभं राहून तिचं एक पूर्ण वाक्य ऐकलं, मयूरनं ते कागदावर उतरवलेलं पाहिलं, अन् मग विचारलं, "ये बाहर से कौन बोल रहा है?"

सुमन दचकली. तिनं इकडंतिकडं पाहिलं, कोण बोलतंय ते पाहायला.

पुढचं सगळं हळू आवाजात झालं. कोणी ओरडलं नाही. साहेबानं कागद हातात घेतला. वैजयंती मॅडम सांगत होत्या की सर, मुलाचं बोलणं फक्त आईला समजतं, ती त्याचंच बोलते. साहेब म्हणाला, असेल, पण मॅडम, हे मला कसं कळणार? मी पायरीवरून उठून आलो. म्हटलं, साहेब, परीक्षा घ्या ना. तिला खाली पाठवा, याला काही विचारा.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यानं खरंच सुमनला जिन्याच्या तळाशी पाठवलं, अन् विपुलसमोर वाकून हिंदीत विचारलं, बेटा, तुझं म्हणणं काय आहे ते तू सांग.

विपुलनं साहेबाकडे पाहिलं. अन् मी शिकवलेली पहिली शिवी, आईपासून बापापर्यंतची, पूर्ण, एकही शब्द न गाळता दिली.

"क्या बोला?" साहेबानं मयूरला विचारलं. मयूरनं मान हलवली, नहीं मालूम सर. वैजयंती मॅडमनाही माहीत नव्हतं. साहेबानं माझ्याकडे पाहिलं.

"नमस्ते बोल रहा है," मी म्हटलं.

विपुलला खदाखदा हसू फुटलं, त्याची मान खुर्चीच्या पाठीवर आपटायला लागली. साहेब म्हणाला, तुम्ही कोण? मी म्हटलं, शेजारी. तो म्हणाला, म्हणजे घरचेच. अन् मग अगदी शांतपणे बोलला, "देखिए, बीच वाला आदमी कुछ भी बोल सकता है।"

मी आत्ताच, त्याच्यासमोर, तेच केलं होतं.

कागद पाकिटात गेला. नकलेचं, म्हणजे कॉपीचं, प्रकरण झालं. बाकीच्या पेपरांना बसता येणार नाही, निकाल अडकेल, सुनावणीला बोलावतील तेव्हा या, असं सांगितलं. मयूरची सही घेतली. त्यानं मला जिन्यात गाठून विचारलं की अंकल, मेरा भी कुछ होगा क्या. मला माहीत नव्हतं. मी विपुलला पाठीवर घेऊन उतरत होतो, या वेळी त्यानं हनुवटी माझ्या खांद्यात रोवली होती. खाली सुमन उभी होती, जिथं पाठवली होती तिथंच, सावली चार हातांवर असताना उन्हात. तिला कोणी ये म्हटलंच नव्हतं.

वाटेत राजपुऱ्यात उसाच्या रसासाठी थांबलो. विपुल म्हणाला, बर्फ नको. रसवाला म्हणाला, काय? सुमननं तोंड उघडलं अन् पदर त्यावर दाबला. बर्फाचा रस आला. तो तिनं त्याला तसाच घोट घोट पाजला, दात ठणकत होते त्याचे.

संध्याकाळी शालिग्राम कटाईवरून आला. चिकानं शर्ट कडक झालेला. मी त्याला सांगितलं काय झालं ते. त्यानं ऐकलं, खांद्यावरची गादी खुंटीला अडकवली, दगड घेतला अन् विळ्याला धार लावायला बसला. विळ्याला धार होती. तो लावतच राहिला.

त्यानंतर सुमन बोलायचीच बंद झाली. म्हणजे आपलं बोलायची, पोराचं नाही. किराणा दुकानात विपुल सांगायचा, दुकानदार सुमनकडे पाहायचा, सुमन बरण्यांकडे. मग मीच कुठून तरी येऊन सांगायचो. आठवडाभरात वावटळ आली, उभ्या बागा आडव्या झाल्या. पडलेले घड वाळायच्या आत उचलायला सगळं गाव शेतात. सुमनही जायची. विपुल दिवसभर खाटेवर एकटा, ओट्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्याला काहीतरी म्हणायचा, लोक हो हो करून पुढं जायचे. मी दोनदा सुनावणीचं विचारायला गेलो. पहिल्यांदा बाबू सुट्टीवर, दुसऱ्यांदा फाइल वर गेलेली. वैजयंती मॅडम भेटल्या. म्हणाल्या, मी लिहून दिलं आहे. मग पर्स उघडून बंद करून म्हणाल्या, माझ्याकडूनही खुलासा मागितला आहे.

पैजेचं मी विसरलो होतो. लीलाधर विसरला नव्हता, पण तो मला पाहिलं की वाट बदलायचा. शेवटी विपुलनंच आम्हा दोघांना बोलावलं.

"पैज हारला ना तू," तो म्हणाला.

"हारलो."

"मग बस काट्यावर."

लीलाधर म्हणाला, जाऊ दे ना भो, मले नाही पाहिजे असली जीत. विपुल ऐकेना. म्हणाला, मलाही न्या. अन् मायला.

तर मंडीचा बाजार उरकल्यावर, हमाल चहाला बसलेले, व्यापारी हिशेब करत असताना मी शर्ट काढला, कमरेला केळीचं पान बांधलं अन् काट्यावर चढलो. लोखंड तापलेलं. पोट माझं पानाच्या वर सांडलेलं. हमालांनी शिट्ट्या मारल्या. शालिग्रामची सगळी टोळी आलेली, तुकईथडचे निम्मे लोक, अन् गाडीच्या फाळक्याला टेकून गोधडीवर विपुल, शेजारी सुमन. सुधाकर म्हणून तिथं बोली पुकारणारा आहे, माझा जुना दोस्त. त्यानं माझ्या पोटावर थाप मारून माल तपासला.

"माल जास्त पिकला आहे," तो पुकारला. "डाग आहेत. वास येतो. बोला."

एकजण म्हणाला, अर्धी बिडी. दुसरा म्हणाला, बिडी तू ठेव, मी फुकट पण नेणार नाही. कोणी म्हणालं, बकरीला घाला. असे हसत होते सगळे की व्यापारी वह्या मिटून बाहेर आले. मला इतकी उत्तरं सुचत होती की ओठ दुखायला लागले. पण मालानं बोलायचं नसतं. लीलाधर समोरच उभा होता. तो हसत नव्हता.

तेवढ्यात गाडीवरून विपुल बोलला.

"काय म्हणतो तो?" सुधाकरनं विचारलं.

विपुल पुन्हा बोलला. मान फिरत होती, शिरा ताणलेल्या. हसणं हळूहळू कमी झालं. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. सुधाकरनं माझ्याकडे पाहिलं, त्याला माहीत होतं मला समजतं. मला समजलं होतं. मी ओठ मिटून बसलो, अन् ते अटीसाठी नाही. मी सुमनकडे पाहत होतो.

सगळेच मग तिच्याकडे पाहायला लागले. तिनं पदर तोंडात धरलेला. तिनं मंडीच्या फाटकाकडे पाहिलं, मग मागं वळून पाहिलं, कोणी उभं आहे का. विपुल तिसऱ्यांदा बोलला, या वेळी मंडीकडे नाही, तिच्याकडे तोंड करून.

सुमननं पदर काढला.

"म्हणतो, मी घेतो," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की सुधाकरला पुढं जावं लागलं. "म्हणतो... याला शाळेत घाला. दहावीला बसवा. ओळखपत्र काढा. म्हणतो, पुढच्या साली मले राइटर लागतो."

मंडी फुटली. हमाल काट्याला धरून हसले, सुधाकरचे डोळे भरून आले हसून हसून. पन्नाशीचा घोडा दहावीला, असं कोणीतरी ओरडलं. पुढच्या साली कॉलेज त्याला बसू देईल का, सुनावणीचं काय, माझं अक्षर मलाच वाचता येत नाही, हे कोणी काढलं नाही. शालिग्राम खांदा चोळत उभा होता. सुमन बोलून झाल्यावर पुन्हा एकदा मागं पाहत होती.

"एक," सुधाकर पुकारला. "दोन. तीन. माल सुटला." अन् माझ्याकडे वळून म्हणाला, "कबूल का रे?"

मी मान हलवली. मालाला तेवढंच चालत होतं.